पणजोबांची पाठ आणि सांगवीच्या मोटरी

रेडिओ खगोलशास्त्रात डेटा साठवायला जागा पुरत नाही, असं सगळे सांगतात. आमचं उलटं आहे. डेटा एका हार्डडिस्कमध्ये मावतो, किस्से मावत नाहीत! एक आकडा मिळवायचा म्हणजे चार माणसांना भेटावं लागतं, चार ठिकाणी चहा प्यावा लागतो आणि एकदा तरी कुणाच्या तरी कुत्र्यापासून पळावं लागतं. शोधनिबंधात आकडा जातो, कुत्रं माझ्याकडं राहतं. अशी बरीच कुत्री साठली आहेत, म्हणून आज मोकळी सोडते.

आधी आमचा धंदा सांगते, नाहीतर तुम्हीही विचाराल, "मॅडम, यातनं पाऊस कळतो का?"

मी बारामतीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. आपल्या आकाशगंगेच्या कितीतरी पलीकडं काही दीर्घिका, म्हणजे दुसऱ्या आकाशगंगाच, आहेत, त्या सतत रेडिओ लहरी सोडत असतात. रेडिओवर स्टेशन बदलावं तसं आम्ही एकाच दीर्घिकेला वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतो, प्रत्येक ठिकाणी तिचा जोर किती ते मोजतो आणि आलेखावर ठिपके मांडतो. त्या ठिपक्यांतून जी रेषा जाते ती त्या दीर्घिकेचा स्पेक्ट्रम. वरच्या फ्रिक्वेन्सीचे ठिपके जगातल्या मोठ्या दुर्बिणींनी आधीच मोजलेले असतात. अगदी खालच्या फ्रिक्वेन्सीचे आमचे. त्याला तबकडी लागत नाही. रानात ओळीनं काठ्या रोवायच्या, तारा ताणायच्या, त्या एका रिसीव्हरला जोडायच्या की झाली दुर्बीण! अशी दोन रानं आमच्याकडं आहेत. एक सांगवीत तात्यांचं, दुसरं इंदापूरच्या पुढं सारिकाच्या वडिलांचं.

सारिका माझी पीएचडीची विद्यार्थिनी. तिच्या आजोबांच्या काळापर्यंत घरात मेंढरं होती, आता शेती आहे आणि वडील दुधाचा टेम्पो चालवतात. पोरगी हुशार, आणि हट्टी इतकी की मी तिची गाइड आहे की ती माझी, हे कॉलेजात अजून ठरायचं आहे.

•

सांगवीचं रान मिळालं ती गोष्ट.

तात्यांची ती जमीन चोपण. पाणी जास्त होऊन वर पांढरं मीठ फुललेलं, पीक म्हणाल तर शून्य. आम्हाला मात्र सपाट, मोकळी आणि फुकट! मी आणि सारिका बोलणी करायला गेलो. तात्यांनी खाटेवर बसवलं, चहा सांगितला आणि चौकशी सुरू केली.

"यातनं पाऊस कळंल?"

"नाही, तात्या."

"मंग भूकंप?"

"न्हाय वो," सारिका म्हणाली. "लई लांबनं रेडिओच्या लहरी येत्यात, त्या मोजायच्या."

"किती लांबनं?"

आता खरं काय ते सांगावं म्हणून मी म्हटलं, "तात्या, त्या तिकडून निघाल्या तेव्हा आपली पृथ्वीसुद्धा झालेली नव्हती."

तात्यांनी चहाची बशी खाली ठेवली. बराच वेळ मान हलवत राहिले. मला वाटलं, विश्वाच्या अफाटपणानं माणूस भारावला.

"मंजी," तात्या म्हणाले, "पत्ता न बघताच पाठवलंय की त्यानं!"

जमीन मात्र दिली. लिहून द्या म्हटलं तर रागावले. "आमच्या रानात काय तरी उगवतंय हेच लई झालं," म्हणाले.

•

या दीर्घिकांना यादीत जे नाव असतं ते नाव नसतं, आकड्यांची मालगाडी असते. म्हणून आमच्यात नावं ठेवायची पद्धत आहे. एक आहे 'आत्या', कारण कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर जा, तिचा आवाज तेवढाच मोठा. एक 'दाजी' आहेत, खालच्या फ्रिक्वेन्सीवर नुसता गडगडाट आणि वर गेलं की चिडीचूप. सासुरवाडीत मेव्हण्यांपुढं गरजणारे आणि सासऱ्यांपुढं गप्प होणारे जावई बघितलेत ना? तसे.

आणि सगळ्यांत लांबचे ते 'पणजोबा'.

बहुतेक दीर्घिकांचा जोर खालच्या फ्रिक्वेन्सीकडं वाढत जातो. पणजोबाही तसेच वागत होते. पण सारिकानं अगदी खालचे ठिपके मांडले आणि शेवटचा ठिपका वर जायच्या ऐवजी खाली आला. ती माझ्या केबिनमध्ये आली ती धापा टाकतच. "मॅडम, पणजोबांची पाठ वाकलीय!"

हे खरं असेल तर गोष्ट मोठी होती. पणजोबा दाट वायूत गच्च वेढलेले आहेत आणि तो वायूच त्यांच्या खालच्या लहरी गिळतोय, असा त्याचा अर्थ. इतक्या खाली त्यांना कुणी मोजलंच नव्हतं. आणि खोटं असेल तर ती आमच्या रानातली गडबड, म्हणजे सारिकाची सगळी वर्षं पाण्यात. तिचा अख्खा प्रबंध त्या वाकलेल्या पाठीवर उभा होता!

मग स्टाफरूममध्ये आमचं बोलणं तेवढंच. "पाठ कशी आहे?" "कालच्यापेक्षा जास्त वाकलीय." "परत बघायला पाहिजे." ऑफिसमधल्या बाई हे रोज ऐकत होत्या. एक दिवस त्यांनी सारिकाला हळूच बाजूला घेतलं आणि हातात तेलाची बाटली दिली. "कोमट करून लाव. पण खरं सांगू का, या वयात फार अपेक्षा ठेवू नका."

तेल चांगलं होतं. मीच वापरलं.

•

सांगवीच्या रानाचा डेटा आम्हाला बारामतीत बसून दिसतो. एके दिवशी दुपारी बघते तर सिग्नल पडायला लागलेला. आधी एका ओळीतल्या अँटेना गेल्या, मग शेजारच्या ओळीतल्या, मग तिसरी ओळ. कुणीतरी शिस्तीत एकेक अँटेना मारत चाललंय! मी स्कूटी काढली, ती मागं बसली, आणि आम्ही सांगवी गाठली.

रानात काठी न काठी, तार न तार ओल्या गोधड्यांनी वाकलेली. घटस्थापना जवळ आलेली आणि तात्यांच्या घरानं दसरा काढला होता! म्हणजे घरातलं पांघरूण-अंथरूण, पडदे, सतरंज्या, सगळं धुऊन काढलेलं. गोधड्यांतून पाणी टपकत होतं. मधोमध काकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी, कमरेवर हात ठेवून उभ्या.

"काकू, अवो हे काय केलं!" सारिका रडायच्या बेतात.

"काय केलं? येवढ्या तारा बांधल्याता, आन एक बी वापरात न्हाय. आमी आपलं रिकाम्या बघून घातलं वाळत."

"त्या वापरात हायेत, काकू! चोवीस तास वापरात हायेत!"

"मला तर काय दिसलं न्हाय बया त्येच्यावर."

गोधड्या वाळेपर्यंत बसलो, धपाटं खाल्लं आणि परत आलो. मात्र काकू माणूस सरळ. पुढच्या वर्षी भाद्रपदातच त्यांचा फोन. "मॅडम, यंदा दसरा कवा काढू? तुमच्या पणजोबास्नी इचारून सांगा."

•

आमचा खरा शत्रू म्हणजे जमिनीवरचा आवाज. पाण्याच्या मोटरीचा स्टार्टर, खराब बल्ब, रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन, सगळ्यातून रेडिओची खरखर निघते. शेजारी कुणी ओरडत असलं की लांबचं बोलणं बारीक ऐकू येतं, तसं आमच्या रिसीव्हरचं होतं. म्हणून खरखर कुठून येते ते शोधत फिरावं लागतं. ते काम सारिकाचं. हेल्मेट, गॉगल, तोंडाला स्कार्फ, एका हातात माशाच्या काट्यासारखी छोटी अँटेना, आणि स्कूटीवर पुढं मी.

एका गावाच्या बाजूनं जोरदार खरखर यायची. कुठलं गाव ते विचारू नका, मला तिकडून अजून जावं लागतं. आम्ही गावात शिरलो की खरखर बंद! वेशीवर थांबलो, चहा प्यायलो, परत फिरलो की चालू. परत गेलो की बंद. असं चार वेळा झालं. सारिकानं इंटरनेटवर वाचून काढलं, मी पुस्तकं काढली. आमच्या विभागप्रमुखांनी तर फळ्यावर समीकरण मांडलं की निरीक्षणानं निरीक्षणाची वस्तू कशी बदलते. हे फिजिक्समध्ये फार प्रतिष्ठेचं आहे.

शेवटी एका वस्तीवर एक आजी भेटल्या. सारिकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "बाई, आता काय बघतीस? सगळ्यांनी काढलं की आकडं!"

तेव्हा उजेड पडला. गावानं आम्हाला वीजवाल्यांचं पथक समजलं होतं! स्कूटी दिसली की पोरं वर्दी द्यायची आणि तारांवर टाकलेले चोरीचे आकडे पटापट खाली यायचे. ठिणग्या बंद, खरखर बंद.

विभागप्रमुखांनी फळा पुसला. आणि आम्ही काय केलं? तक्रार? छे! त्या दिवसापासून आमच्या निरीक्षणाच्या वेळापत्रकात पहिलं काम तेच: सारिकाचा गावातून एक फेरफटका. त्यानंतर दोन तास इतकं स्वच्छ आकाश मिळतं की बोलायची सोय नाही.

•

आता उसाचा किस्सा सांगते, कारण तो आमच्या अंगाशी आला.

इंदापूरच्या रानातून आम्ही पणजोबांना मावळताना मोजत होतो. पावसाळ्यापासून त्यांचा जोर हळूहळू कमी होत चालला होता, आमच्यातल्या वरच्या फ्रिक्वेन्सीवर जास्त. दीर्घिका अशी डोळ्यांदेखत बदलते म्हणजे खळबळच! दिवाळी झाली, थंडी आली, आणि एका आठवड्यात पणजोबा एकदम उसळले. जोर थेट पहिल्यासारखा. मी खुर्चीतून उठले. तिकडं काहीतरी फुटलं, काहीतरी पेटलं! जगभरच्या लोकांना कळवायचा मजकूर मी स्वतः लिहिला, आणि त्यात 'अभूतपूर्व' हा शब्द घातला. फुशारकीचा मोह मलाही होतो, मीही बारामतीचीच आहे.

मजकूर पाठवायच्या आधी रानाचा फोटो जोडावा म्हणून आम्ही इंदापूरला गेलो. स्कूटी लावली आणि दोघी बघतच राहिलो. रानाच्या पश्चिमेला शेजाऱ्यांचा ऊस होता, दोन पुरुष उंच. आता तिथं नुसतं पाचट. पणजोबा मावळताना त्या उसाच्या आडून ऐकू यायचे. ऊस वाढला तसे ते दबले, आणि कारखान्याची तोड आली तसे उसळले!

सारिका बांधावर मटकन बसली. मग आधी ती हसायला लागली आणि नंतर मी. विभागप्रमुखांना फोन केला तर ते म्हणाले, "म्हणजे दूरच्या दीर्घिकांचं तेज कारखान्याच्या चिटबॉयच्या हातात आहे. तोडीची चिठ्ठी दिली की उजळतात!"

हसून विसरलो असतो. पण असल्या गोष्टी आपल्या आधी पुण्याला पोचतात.

•

सारिकाचं काम तपासायला दर वर्षी पुण्याहून एक परीक्षक येत. मोठा माणूस, वाचन दांडगं, बोलणं मोजकं. त्या वर्षी आले आणि तिनं पणजोबांचा आलेख लावल्यावर शेवटच्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "हाच ना तो? उसाच्या शेजारचा?"

"नाही सर, हा सांगवीचा. तिथं ऊस नाही."

"ऊस नसेल, मोटर असेल. हा ठिपका काढून टाका. बाकीचं काम चांगलं आहे. या वर्षी पदवी होऊन जाईल."

मला राग आला. खरं सांगते, फार आला. पण त्यांचं चुकत होतं असंही नाही. मोटरीच्या खरखरीनं रिसीव्हर दबला असेल तर पाठ वाकल्यासारखी दिसणार, हे मीच वर्गात शिकवते. मी सारिकाला म्हटलं, तुझं तू ठरव.

तिनं माझ्यासमोरच वडिलांना फोन लावला. ते टेम्पोत होते, मागं हॉर्न वाजत होते. तिनं सगळं सांगितलं.

"त्या कागदाखाली सही कुणाची?" वडिलांनी विचारलं.

"माजी."

"मंग मला कशाला इचारतीस? ठेवतो, दूध नासंल."

सारिकानं परीक्षकांना कळवलं की ठिपका काढणार नाही, परत मोजणार. पाठ सरळ निघाली तर ती स्वतःच प्रबंध मागं घेईल, हेही कळवून बसली. मी डोक्याला हात लावला. पाठवायच्या आधी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे तिला माहीत होतं.

•

परत मोजायचं ते सांगवीतच. तेव्हा भर उन्हाळा. पणजोबा माथ्यावर येणार ते ऐन दुपारी, आणि त्याच आठवड्यात थ्री-फेज वीज दिवसा. म्हणजे अख्ख्या शिवारातल्या मोटरी त्याच वेळी चालू! वीज रात्रीची व्हायची वाट बघावी तर प्रबंधाची मुदत संपत होती. उन्हाळ्यात दिवसाची वीज म्हणजे शेतकऱ्याला काय असते ते मी सांगायला नको. त्यात सांगवीची तऱ्हा अशी की एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, इतक्या मोटरी, की सगळ्या चालल्या तर पाणी करंगळीएवढं येतं. बाकीच्यांनी बंद ठेवल्या आणि एकानंच चालवली तर मात्र पाइपातून पाणी असं उसळतं की बघत राहावं! म्हणून आपली बंद असताना शेजाऱ्याची चालू असणं, यासारखं दुसरं दुःख त्या शिवारात नाही.

सारिका घरोघर गेली. "तात्या, एक दिवस. दोन तास. सगळ्यांच्या."

तात्या म्हणाले, "माजी ठेवीन बंद. पर दुसऱ्यांचं मी न्हाय सांगत. आमी हितं सख्ख्या भावाची मोटर बंद हाय का ते हात लावून बघतो."

ती तरी प्रत्येकाकडं गेली. प्रत्येकानं एकच विचारलं, "त्येची बी बंद राहनार का?" आणि प्रत्येकाला ती म्हणाली, "व्हय." शेवटच्या घरापर्यंत ते खरं नव्हतं.

तो दिवस उजाडला. सारिका रिसीव्हरपाशी, मी रानाच्या कडेला. वेळ झाली आणि एकेक मोटर गप्प होत गेली. इतकी शांतता मी सांगवीत कधी ऐकली नव्हती. आणि मग एक मजा दिसली. माणसं घरी जाऊन लवंडायची सोडून आपापल्या बांधावर येऊन बसली होती. कुणी डोक्यावर पोतं घेतलेलं, कुणी छत्री. तात्या आणि त्यांचे चुलतभाऊ, ज्यांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे, ते एकाच बाभळीखाली पाठीला पाठ लावून बसलेले. हे त्यांच्या मोटरीकडं बघतायत, ते यांच्या. पूर्ण वेळ! काकू दोघांना एकाच तांब्यातून पाणी देऊन गेल्या.

पाठ वाकलेलीच निघाली. तिथंच, तेवढीच. सारिकानं मला मिठी मारली आणि आम्ही दोघी त्या चोपण रानात उभ्या राहून रडलो.

मग व्हायव्हा आला. कॉलेजचा हॉल भरलेला. मागच्या रांगेत सांगवीची मंडळी, तात्या, काकू, चुलतभाऊ, आणि एका टोकाला टेम्पो बाहेर लावून आलेले सारिकाचे वडील. परीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी त्याच ठिपक्यावर आले.

"हा दुसऱ्यांदा मोजलात. मोटरी बंद होत्या, असं तुम्ही लिहिलंय. मोठं शिवार आहे. सगळ्या बंद होत्या, हे तुम्हाला कसं माहीत? एकानं जरी चालू ठेवली असेल, तरी हा ठिपका गेला."

मी पदराला पीळ घालत बसले होते.

सारिका म्हणाली, "सर, त्या दिवसापासून आजपर्यंत सांगवीत मोटरीवरून एकही भांडण झालेलं नाही."

परीक्षकांनी तिच्याकडं बघितलं. मग चष्मा वर करून मागच्या रांगेकडं बघितलं. मागची रांग त्यांच्याकडंच बघत होती.

"पुढची स्लाइड," ते म्हणाले.